युद्धातल्या कंत्राटांचा जाब मागायचाय? मग काँग्रेसमनला असं लिहा

इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत कंत्राटांवरचा किती पैसा उधळपट्टीत आणि अफरातफरीत गेला, याचा आकडा कुणा युद्धविरोधी मोर्चेवाल्याने काढलेला नाही. अमेरिकन काँग्रेसनेच कायद्याने नेमलेल्या आयोगाने तो ऑगस्ट २०११ मध्ये दिला: ३१ ते ६० अब्ज डॉलर. सोबत १५ शिफारशीही दिल्या. हा आयोग जिम वेब आणि क्लेअर मकॅस्किल या दोन नव्या सिनेटरांनी २००८ च्या संरक्षण कायद्यात कलम घालून पदरात पाडून घेतला होता. वेब आमच्या व्हर्जिनियाचे. आयोगाची कागदपत्रं मात्र २०३१ पर्यंत बंद पेटाऱ्यात आहेत.

मी फेअरफॅक्स काउंटीत राहते. माहेर साताऱ्याचं, वडील फौजी, आणि माझी नोकरी एका बांधकाम कंपनीच्या हिशेबखात्यात झाली. इथे ‘कॉन्ट्रॅक्टर’ हा शब्द टीव्हीवरचा नाही. गणपतीच्या आरतीला जमलेल्यांत कितीतरी घरं त्याच पगारावर चालतात, आणि ती सगळी सरळमार्गी माणसं आहेत. पण इराकमधल्या ज्या अबू घरेब तुरुंगात कैद्यांचा छळ झाला, तिथे दुभाषे आणि चौकशी करणारे पुरवणाऱ्या कंपन्यांपैकी सीएसीआयचं मुख्यालय इथे रेस्टनला आहे. तिच्यावरचा २००८ सालचा दावा नोव्हेंबर २०२४ मध्ये अलेक्झांड्रियाच्या फेडरल कोर्टात ज्यूरीने निकाली काढला: तीन इराकी माजी कैद्यांना एकूण ४२ दशलक्ष डॉलर. कंपनीने आरोप नाकारलेत, अपिलातही गेली. दाव्याला १६ वर्षं लागली, कारण कंत्राटदाराला कोणता कायदा लागू, यावरच निम्मं भांडण झालं. तो कायदा लिहितं कोण? आपण ज्याला निवडून देतो तो. म्हणून हे टिपण.

पत्र म्हटलं की आपली मंडळी दोन पानं संताप लिहून काढतात. ‘हे लाजिरवाणं आहे’, ‘जबाबदारी निश्चित झालीच पाहिजे’. असल्या पत्राला ऑफिसात ‘डिफेन्स, विरोध’ असा शिक्का बसतो आणि छापील उत्तर येतं. काँग्रेसमनच्या हातात असतात मोजक्याच गोष्टी: विधेयक मांडणं, दुसऱ्याच्या विधेयकावर सहप्रायोजक म्हणून नाव घालणं, समितीत प्रश्न विचारणं, सुनावणी मागणं, जीएओकडून तपासणी मागवणं, आणि मत देणं. तुमची मागणी यातल्या एकीत बसली पाहिजे. जीएओ म्हणजे आपल्याकडच्या कॅगचं इथलं भावंड समजा. ते नागरिकाच्या पत्रावरून हलत नाही, काँग्रेसच्या विनंतीवरून हलतं. त्यातही समितीच्या अध्यक्षाची आणि अल्पमतातल्या ज्येष्ठ सदस्याची विनंती आधी घेतली जाते.

मागणी ठरवायला आधी गुन्हा कुठल्या जातीचा ते बघा. पैशाचा, माणसं मारल्याचा-छळल्याचा, की कामगारांना फसवल्याचा? प्रत्येकाचा दरवाजा वेगळा.

माणसं मारल्याचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १६ सप्टेंबर २००७, बगदादचा निसूर चौक, ब्लॅकवॉटर या खासगी अमेरिकन कंपनीचे सुरक्षारक्षक, १७ इराकी नागरिक ठार. एफबीआयच्या तपासात यातले किमान १४ मृत्यू विनाकारण ठरले. इराकी कायदा त्यांना लागू नव्हता, कारण इराकचा कारभार बघणाऱ्या पॉल ब्रेमरच्या अमेरिकन प्रशासनाने २००४ मध्येच ‘आदेश १७’ काढून परदेशी कंत्राटदारांना त्यातून सूट दिली होती. मग अमेरिकन कायदा? परदेशातल्या कंत्राटदारांसाठी २००० सालचा ‘मेजा’ नावाचा कायदा आहे. तो मुळात संरक्षण खात्याच्या माणसांपुरता. अबू घरेबनंतर २००४ मध्ये तो वाढवला, पण कसा? दुसऱ्या खात्याचा कंत्राटदारही त्यात येईल, जर तो संरक्षण खात्याच्या मोहिमेला हातभार लावत असेल तर. ब्लॅकवॉटरला नेमलं होतं परराष्ट्र खात्याने. झालं! आरोपींच्या वकिलांनी हेच धरलं: आमची माणसं मुत्सद्द्यांना सांभाळत होती, लष्करी मोहिमेशी त्यांचा काय संबंध?

त्यात आणखी एक घोळ. घटनेनंतर परराष्ट्र खात्याच्या तपासनीसांनी या रक्षकांचे जबाब घेतले ते ‘हे तुमच्याविरुद्ध वापरणार नाही’ या हमीवर. सरकारी वकिलांनी खटल्यात त्याच जबाबांचा आधार घेतला, म्हणून ३१ डिसेंबर २००९ ला न्यायाधीशांनी खटलाच रद्द केला. २०११ मध्ये अपिलात तो पुन्हा उभा राहिला, २०१४ मध्ये चौघे दोषी ठरले, आणि डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांना माफी दिली.

पत्रात या माफीवर एक शब्दही लिहू नका. राग येतो, मलाही आला. पण माफीचा अधिकार राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षाला दिलाय. काँग्रेसमन त्यावर खांदे उडवण्यापलीकडे काही करू शकत नाही, आणि तुमचं पत्र ‘ट्रम्पविरोधी’ गठ्ठ्यात जातं. ‘मेजा’तली फट मात्र तो बुजवू शकतो. सिनेटर पॅट्रिक लेही आणि प्रतिनिधी डेव्हिड प्राइस यांनी त्यासाठी ‘सीजा’ नावाचं विधेयक २०१० पासून अनेकदा मांडलं. खातं कुठलंही असो, परदेशात सरकारी कंत्राटावर गंभीर गुन्हा केला की खटला अमेरिकेत, एवढंच त्याचं सूत्र. ते कधीच मंजूर झालं नाही.

आता पैशाचं. कंत्राट ‘कॉस्ट प्लस’ असतं तेव्हा खर्च झाला तेवढा सरकार भरतं आणि वर ठरलेली फी देतं. खर्च कमी करण्यात कंत्राटदाराला काडीचा रस उरत नाही, हे हिशेबखात्यातल्या कुठल्याही कारकुनाला सांगावं लागत नाही. केबीआर तेव्हा हॅलिबर्टनची उपकंपनी होती. लष्कराच्या जेवणापासून कपडे धुण्यापर्यंतचं अवाढव्य कंत्राट तिच्याकडे याच पद्धतीने होतं.

पण मला या सगळ्यात लक्षात राहते ती बनाटीन ग्रीनहाउस. आर्मी कोर ऑफ इंजिनिअर्समधली कंत्राटांवरची सर्वांत वरची मुलकी अधिकारी. इराक युद्धाच्या तोंडावर, २००३ मध्ये, तिच्यासमोर तेलविहिरी दुरुस्तीचं कंत्राट सहीला आलं. कमाल मर्यादा ७ अब्ज डॉलर, स्पर्धा नाही, केबीआरला थेट. तातडीसाठी वर्षभराचं कंत्राट ती समजू शकत होती. कागदावर मुदत होती पाच वर्षांपर्यंतची. युद्ध दारात, वरून दबाव, सही तर करावी लागणार. तिने सही केली आणि शेजारी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला: एका वर्षापलीकडे मुदत दिली तर स्पर्धा घेण्याचा आपला इरादाच नाही असा समज होईल. पुढे सगळं बाहेर आलं तेव्हा तो शेरा कागदावर होता. जून २००५ मध्ये तिने सिनेटरांसमोर साक्ष दिली, ऑगस्टमध्ये तिची पदावनती झाली, आणि २०११ मध्ये सरकारने ९ लाख ७० हजार डॉलर देऊन तिच्याशी तडजोड केली.

ही साक्ष झाली कुठे, तेही बघण्यासारखं आहे. बहुमतवाला पक्ष सुनावण्या घेत नव्हता, म्हणून सिनेटर बायरन डॉर्गन यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या धोरण समितीतर्फे त्या घेतल्या. ना समन्स काढायचा अधिकार, ना कुणाला शपथेवर बोलावण्याची सक्ती. तरीही साक्षी नोंदल्या गेल्या, वर्तमानपत्रांत आल्या. तेव्हा तुमचा काँग्रेसमन अल्पमतात असेल आणि त्याचं ऑफिस ‘आमच्या हातात काही नाही’ म्हणालं, तर हे उदाहरण नम्रपणे पुढे करा.

पत्रात आकडा एकच घाला, आणि तो कुणाच्या पैशाचा आहे हे माहीत असू द्या. २००७ मध्ये प्रतिनिधी हेन्री वॅक्समन यांच्या हाउसमधल्या समितीने उघड केलं की १२ अब्ज डॉलरच्या नोटा, वजनाने ३६३ टन, विमानांनी इराकला नेल्या गेल्या. आकडा भन्नाट आहे, लिहायचा मोह होतो. पण तो पैसा बहुतांश इराकच्याच तेलाचा आणि गोठवलेल्या खात्यांचा होता. तुम्ही ‘अमेरिकन करदात्यांचा पैसा’ असं लिहिलंत की लष्करी विषय बघणारा स्टाफर तिथेच ओळखतो की यांनी मथळ्यापलीकडे वाचलेलं नाही. त्यापेक्षा यूएसए स्पेंडिंग डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर आपल्याच मतदारसंघातली संरक्षण कंत्राटं शोधा. कंपनीवर पूर्वी काय कारवाई झाली ते सॅम डॉट गव्हवर बरंचसं सापडतं.

आता कुणाला. आपला हाउसमधला एक प्रतिनिधी आणि राज्याचे दोन सिनेटर, बस. दुसऱ्या मतदारसंघातल्या प्रसिद्ध माणसाला लिहून उपयोग नाही, पिनकोड बघूनच पत्र बाजूला पडतं. तिघांपैकी कुणी आर्म्ड सर्व्हिसेस, ॲप्रोप्रिएशन्स किंवा ओव्हरसाइट समितीवर असेल तर त्याच्यावर जोर द्या. ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बीवर असलेल्यांनीही लिहायला हरकत नाही; मतदारसंघात राहणारा प्रत्येक जण ऑफिसच्या लेखी त्यांचा माणूस असतो. मात्र महाराष्ट्र मंडळाच्या लेटरहेडवर नको. कायद्याने थोडी मुभा असते, पण कार्यकारिणीत निम्म्यांच्या नोकऱ्या याच क्षेत्रात. दिवाळीपर्यंत भांडण पुरेल.

कधी, हे फार महत्त्वाचं. स्वतंत्र विधेयकं धूळ खात पडतात. ‘सीजा’चं तेच झालं. वर्षाला एक गाडी मात्र हमखास सुटते: एनडीएए, म्हणजे वार्षिक संरक्षण कायदा. तो १९६१ पासून दरवर्षी मंजूर होत आलाय. वेब-मकॅस्किलचा आयोग त्यातूनच आला. सरकारी कंत्राटांत मानवी तस्करी रोखणारा कायदा २०१३ च्या एनडीएएमध्ये बसून आला. बलात्कार, लैंगिक छळ झालेल्या कर्मचाऱ्यांना लवादातच अडकवून ठेवणाऱ्या कंपन्यांना कंत्राट नाही, ही सिनेटर अल फ्रँकन यांची दुरुस्ती २००९ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकाला जोडली गेली, सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३० मतांनी. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या काँग्रेसमनच्या संकेतस्थळावर जाऊन बघा. बरीच ऑफिसं त्या सुमारास एनडीएएसाठी सूचना मागवतात आणि मुदत लवकर संपते. मे-जूनमध्ये समिती मसुदा हातात घेते, तेव्हा नवीन कलम घुसवायला उशीर झालेला असतो.

पत्र इंग्रजीतच जाणार, पण आशय असा ठेवा:

‘मी तुमच्या मतदारसंघात राहते. परदेशात सरकारी कंत्राटावर काम करणाऱ्या माणसाने गंभीर गुन्हा केला, तर त्याच्यावर अमेरिकेत खटला चालेल की नाही हे आज त्याला कुठल्या खात्याने नेमलं यावर अवलंबून आहे. मेजा कायद्यात संरक्षण खात्याच्या मोहिमेला मदत करणारेच येतात. निसूर चौकाच्या खटल्यात बचाव पक्षाने याच मुद्द्यावर लढा दिला. ही फट बुजवणारं सीजा विधेयक सिनेटर लेही आणि प्रतिनिधी प्राइस यांनी मांडलं होतं. माझे दोन प्रश्न आहेत. त्यातली तरतूद यंदाच्या एनडीएएमध्ये दुरुस्ती म्हणून तुम्ही मांडाल का? दुसऱ्या कुणी मांडली तर तिच्या बाजूने मत द्याल का? लेखी उत्तराची वाट बघते.’

एवढंच. खाली पूर्ण पत्ता आणि फोन. ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता येईल असे प्रश्न मुद्दाम ठेवलेत, कारण ‘आपली काय भूमिका आहे’ विचारलंत तर भूमिका येते, तीन परिच्छेदांची, आणि हाती काही लागत नाही.

कागदी पत्र वॉशिंग्टनला पाठवू नका. २००१ च्या अँथ्रॅक्स प्रकरणापासून कॅपिटलला जाणाऱ्या टपालावर किरणोत्साराची प्रक्रिया होते, त्याला वेळ लागतो. संकेतस्थळावरचा फॉर्म भरा, किंवा जवळच्या जिल्हा ऑफिसात पत्र नेऊन द्या. फॉर्ममध्ये विषयाची यादी असते; ‘फॉरेन अफेअर्स’ निवडू नका, ‘डिफेन्स’ किंवा ‘आर्म्ड सर्व्हिसेस’ निवडा, म्हणजे योग्य टेबलावर जातं. ते उघडतो कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला एखादा मुलगा किंवा मुलगी. त्यांच्याशी तुसडेपणाने वागू नका. पत्र वर जायचं की नाही ते बऱ्याचदा तेच ठरवतात.

आठवडाभराने फोन: कॅपिटलचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१. नाव, गाव, पिनकोड सांगून थेट विचारा, ‘तुमच्याकडे मिलिटरी लेजिस्लेटिव्ह असिस्टंट कोण?’ नाव मिळालं की त्याच्याकडे पंधरा मिनिटं मागा, व्हिडिओवर चालेल. तीन-चार शेजारी मिळून जा, त्यात एखादा निवृत्त सैनिक असला तर सोन्याहून पिवळं. एक पानाचं टिपण ठेवून या. समोरचं ऑफिस रिपब्लिकन असेल तर लिंकनपासून सुरुवात करा: यादवी युद्धात सैन्याला खराब माल विकणाऱ्यांसाठी १८६३ मध्ये फॉल्स क्लेम्स ॲक्ट आला, आणि १९८६ मध्ये त्याला धार लावणाऱ्यांत आयोवाचे रिपब्लिकन सिनेटर चक ग्रासली आघाडीवर होते. डेमोक्रॅट असेल तर हॅरी ट्रुमन. १९४१ मध्ये ते सिनेटर होते; राष्ट्राध्यक्ष आपल्याच पक्षाचा असताना त्यांनी युद्धकंत्राटांची चौकशी समिती मागून घेतली. सुरुवातीचा खर्च मंजूर झाला अवघा १५ हजार डॉलर. इराक युद्धावेळचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी आधी हॅलिबर्टनचे प्रमुख होते वगैरे इतिहास तुम्हाला पाठ असला तरी तो घरी ठेवा. त्याने मजा येते, काम होत नाही.

छापील उत्तर येईलच. ‘राष्ट्रीय सुरक्षेबाबत आपले विचार कळवल्याबद्दल आभार.’ त्याच उत्तराला उत्तर द्या: ‘माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं यात नाहीत, ते पुन्हा खाली देते.’ दुसऱ्या खेपेला पत्र सहसा जरा वरच्या माणसाकडे जातं, असा माझा अनुभव.

जे स्वतः कंत्राटदार कंपनीत आहेत आणि ज्यांना आत काही काळंबेरं दिसलंय, त्यांनी यातलं काहीही करण्याआधी वकील गाठावा. माझ्या भाच्यालाही मी हेच सांगते. ऑफिसच्या ईमेलवरून काही नाही, गोपनीय कागद कुणालाही नाही, काँग्रेसमनलाही नाही. फॉल्स क्लेम्सखाली खासगी माणूस सरकारच्या वतीने दावा लावू शकतो, वसुलीचा साधारण १५ ते ३० टक्के वाटा मिळू शकतो, पण दावा आधी निदान ६० दिवस मोहोरबंद असतो. तेवढ्यात गावभर बोललात तर स्वतःच्या पायावर धोंडा. तक्रारीसाठी संरक्षण खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलची हॉटलाइन आहे, आणि कंत्राटदारांच्या, उपकंत्राटदारांच्याही कर्मचाऱ्यांना सूडापासून संरक्षण देणारी तरतूद कायद्यात आहे. ती कितपत पुरते, याची जीएओ तपासणी मागणं हीसुद्धा चांगली मागणी आहे.

राहिला कामगारांचा दरवाजा, आणि तो थेट आपल्या गावांपर्यंत येतो. कोकणातून आखातात गेलेली माणसं प्रत्येकाच्या ओळखीत असतात. कुवेतमधल्या कंपन्यांनी भारतीय, नेपाळी, फिलिपिनो माणसं आचारी, ड्रायव्हर, सफाईवाले म्हणून इराकमधल्या अमेरिकन तळांवर लावली. २००४ मध्ये कुवेती वाहतूक कंपनीच्या तीन भारतीय ड्रायव्हरांचं इराकमध्ये अपहरण झालं. ते सुटले, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १२ नेपाळी कामगारांची हत्या झाली. फार थोड्यांना माहीत असतं की १९४१ च्या डिफेन्स बेस ॲक्टखाली अशा तळांवरच्या कंत्राटी कामगाराचा विमा उतरवणं मालकाला बंधनकारक आहे, कामगार कुठल्याही देशाचा असो. जखम झाली तर ३० दिवसांत लेखी कळवायचं, दावा साधारण एका वर्षात दाखल करायचा. कुणी नोकरीसाठी एजंटला पैसे मोजले असतील तर त्याची पावती, व्हॉट्सॲपवरचा निरोप, जे असेल ते जपून ठेवायला सांगा. अमेरिकन सरकारी कंत्राटावरच्या कामगाराकडून भरतीची फी घेण्यावर आता बंदी आहे.

गावातल्या माणसाने काँग्रेसला लिहिलं तर ते पत्र कुणी उघडणार नाही. पण इथे राहणारा त्याचा मामा, बहीण, मेव्हणा आपल्या काँग्रेसमनच्या जिल्हा ऑफिसात ‘केसवर्क’ म्हणून प्रकरण घेऊन जाऊ शकतो. ते एक संमतीपत्र मागतात. त्यावर जखमी कामगाराचीच सही लागते, तुमची चालत नाही. ती आधी मागवून घ्या, पासपोर्टची प्रत आणि कंपनीचं ओळखपत्र सोबत जोडा. मग ऑफिस श्रम खात्याकडे दाव्याची स्थिती विचारतं, आणि सहसा लेखी उत्तर येतं.

एनडीएए बहुधा डिसेंबरात संपतो. मतदान झालं की हाउसच्या क्लार्कच्या संकेतस्थळावर आपल्या माणसाचं मत बघा, दुरुस्त्यांवरचंसुद्धा. मतदानाचा क्रमांक टिपून ठेवा आणि पुढच्या पत्राची सुरुवात त्याच क्रमांकाने करा.